सहा-चाळीसची गाडी

एक लाकडी ठोकळा, बरोबर नऊ सेंटिमीटर उंचीचा, चारही बाजूंनी पॉलिश केलेला.

चिनी कोबीच्या खारवलेल्या लोणच्याचं पिंप. झाकणावर वजन. वजन दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेलं.

एक्याऐंशी वर्षांचा माणूस अंगणात उभा राहून हात वर करतो, खाली आणतो, वाकतो. रेडिओ शेजारी आहे, पण बंद.

तांदळाच्या खाऱ्या चकत्यांचे पाच डबे, राखाडी कागदात, प्रत्येकावर एकच शब्द: क्षमस्व.

गटारातला गाळ भरायची पोती, चौदा घरांना अठ्ठावीस.

या सगळ्यांचा एकमेकांशी संबंध काय, असं फेब्रुवारीत कुणी कुवाबारा यासुनोरींना विचारलं असतं, तर त्यांनी नम्रपणे मान तिरकी करून "थोडं कठीण आहे" म्हटलं असतं. जपानच्या गुन्मा प्रांतातल्या त्या गावात या वाक्याचा अर्थ "नाही" असा होतो. शहर कार्यालयात तीस वर्षं काढलेला माणूस हे वाक्य दिवसातून वीसदा वापरतो आणि संध्याकाळी घरी नेऊन आणखी दोनदा.

कुवाबारा पर्यावरण विभागात बसत. त्यांच्या टेबलावर पाटी होती: आवाजाच्या तक्रारी. आणि त्यांच्याकडे एक गाडी होती. दोन दारांची, बसकी, तिशी ओलांडलेली, पांढरी. हिच्या स्प्रिंगा, ब्रेक, सायलेन्सर, चालकाशेजारची सीट यांतलं काहीही कारखान्यातून आलेलं राहिलं नव्हतं. आवाजाच्या तक्रारी घेणाऱ्याने असली गाडी बाळगावी का, हा प्रश्न लोकांच्या मनात यायच्या आधीच कुवाबारांनी त्याचं उत्तर तयार ठेवलं होतं. गाडी कायद्यात होती. जमिनीपासून निदान नऊ सेंटिमीटर उंच असावी असा नियम. हिची उंची नऊ पूर्णांक चार दशांश. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते पोटावर झोपून तो लाकडी ठोकळा गाडीखालून आरपार सरकवत आणि समाधानाने उठत. सायलेन्सरचा आवाज मर्यादेपेक्षा एका डेसिबलने कमी. इतकी कायदेशीर बंडखोरी त्या प्रांतात दुसऱ्या कुणी केली नसेल.

रोज सकाळी सहा-चाळीसला ती गाडी सुरू होई. तीन मिनिटं गरम होई. सहा-त्रेचाळीसला निघे. हे एकोणीस वर्षं चाललं होतं.

मग फिरती पाटी आली.

फिरती पाटी म्हणजे शेजारगटाची सूचना लावलेला पुठ्ठा. एका घराने वाचायची, सहीऐवजी आपल्या नावाचा शिक्का मारायचा आणि पुढच्या घरी नेऊन द्यायची. गटप्रमुखाचं काम दरवर्षी एकेका घराकडे जातं. यंदा ते निवृत्त उपमुख्याध्यापक नेगिशींकडे होतं. फेब्रुवारीच्या पाटीवर एकच कागद होता. वरच्या अर्ध्यात: एप्रिलच्या तिसऱ्या रविवारी गटारसफाई, प्रत्येक घरामागे दोन पोती. खालच्या अर्ध्यात हे:

*सकाळच्या आवाजांविषयी. आपल्याला सवयीचा झालेला आवाज दुसऱ्याला मोठा वाटू शकतो. प्रत्येकाने एकदा स्वतःकडे कान देऊन पाहावे, ही नम्र विनंती.*

कुवाबारांनी ते वाचलं आणि त्यांचे कान गरम झाले. मजकूर त्यांचाच होता. अकरा वर्षांपूर्वी त्यांनीच तो विभागासाठी लिहिला होता, आणि त्या कामाबद्दल विभागप्रमुखांनी त्यांचं उभं राहून कौतुक केलं होतं. मसुद्याची तीन तत्त्वं होती. नाव नको, दिशा नको, नेमकी वेळ नको. वाचणाऱ्याला टोचलं पाहिजे, पण बोट दाखवल्याचा पुरावा मिळता कामा नये. आणि हा नमुना कार्यालयातून कुणी मागितल्याशिवाय दिला जात नसे. म्हणजे कुणीतरी तक्रार घेऊन गेलं होतं, तेही मुद्दाम, कुवाबारा जेवायला गेल्याची वेळ साधून. आणि त्यांच्या विभागातल्या कुणीतरी, त्यांच्याच खणातून, त्यांच्याच विरुद्ध, त्यांचंच वाक्य काढून दिलं होतं.

त्याखाली त्यांना स्वतःचा शिक्का मारायचा होता. मारला. शाई नेहमीपेक्षा जरा फिकी उठली. मग चपला घालून ती पाटी त्यांनीच शेजारच्या सुनागाबाईंकडे नेऊन दिली आणि "थंडी फार आहे" म्हणाले. सुनागाबाईंनी कागदावर नजर टाकली, एकदम गोऱ्यामोऱ्या झाल्या आणि "हो, फारच" म्हणाल्या. त्यांना आपली कीव आली, असं कुवाबारा समजले.

घरी बायको चिझुए वाटच पाहत होती म्हणा ना. नव्या गाडीचा विषय दोन वर्षं घरात पायपुसण्यासारखा पडून होता. येताजाता सगळे त्याला पाय लावत, उचलत कुणी नसे. चिझुएला सरकत्या दाराची, उंच छपराची गाडी हवी होती. कारण होतं तिची आई. फुकुयोबाई एकोणऐंशी वर्षांच्या, घरातच राहणाऱ्या, गुडघ्यांनी राजीनामा दिलेल्या, महिन्यातून दोनदा दवाखान्यात न्याव्या लागायच्या. त्या बसक्या गाडीत त्यांना बसवायचं म्हणजे कपाट जिन्यातून उतरवण्याचा प्रकार. उतरवताना तर दवाखान्याचा दरवान धावत यायचा, आणि कुवाबारांना त्याच्या धावण्याचाच अपमान जास्त वाटायचा.

"एप्रिलअखेर गाडीची सरकारी तपासणी आहे," चिझुए म्हणाली. "त्याआधीच काय ते ठरवा. आणि आता पाटीसुद्धा आलीय."

"पाटीत नाव नाहीये."

"तुमच्या पाट्यांत कधी असतं?"

कुवाबारांनी तिसऱ्या दिवशी ठरवलं की गाडी जाणार. ठरवल्यावर माणसाने गप्प बसावं. पण दुखावलेल्या माणसाला गप्प बसवत नाही, त्याला आपला त्याग लोकांच्या नजरेस आणायचा असतो. घरात बांधकाम काढलं की समोरची तीन आणि शेजारची दोन घरं फिरून आगाऊ माफी मागायची रीत आहे. कुवाबारांनी ती मागच्या एकोणीस वर्षांना लावली. पाच डबे घेतले. दारोदार जाऊन वाकले. "सकाळच्या आवाजाचा आजवर त्रास झाला. लवकरच बंदोबस्त करतोय." गाडीचा उल्लेख केला नाही. तो करणं उद्धट दिसलं असतं, आणि इतकं उघड असलेलं बोलून दाखवायचं कशाला?

आठवड्याभरात परतभेटी आल्या. सुनागाबाई संत्री घेऊन आल्या आणि खाली बघत म्हणाल्या, "आमच्याकडूनही त्रास होतच असेल." समोरचे हागिवारा, रेल्वेतून सिग्नलमन म्हणून निवृत्त झालेले म्हातारे, टॉवेल घेऊन आले आणि दारातच अडखळत म्हणाले की वय झालं की ऐकू कमी येतं, त्यामुळे किती मोठ्याने चाललंय हे माणसाच्या ध्यानात राहत नाही. गटप्रमुख नेगिशी स्वतः आले, हिरव्या चहाची पुडी देऊन तीनदा वाकले आणि तेल आणलंय म्हणाले. कसलं तेल, हे कुवाबारांनी विचारलं नाही. किती मोठ्या मनाची माणसं, असं त्यांना वाटलं. आपल्या अपराधावर पांघरूण घालायला बिचारी स्वतःवर आळ घेताहेत.

आता प्रत्यक्ष गाडी बदलायची होती. विक्रेत्याने जुनी गाडी पाहिली, भोवती दोन प्रदक्षिणा घातल्या, प्रत्येक बदलाची मनापासून तारीफ केली आणि म्हणाला की या स्थितीत घेणं थोडं कठीण आहे. मूळ रूपात असती तर गोष्ट वेगळी. आपलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची कुवाबारांची त्या महिन्यातली ही दुसरी वेळ.

नवी गाडी नावावर करायला ती ठेवायची जागा आहे, असा पोलिसांचा दाखला लागतो. त्यासाठी हाताने नकाशा काढायचा. कुवाबारांनी तो असा काढला की भिंतीवर लावावा. खिडकीवरच्या माणसाने पहिल्यांदा परत केला, रस्त्याची रुंदी नव्हती. दुसऱ्यांदा परत केला, फाटकाची रुंदी नव्हती. तिसऱ्यांदा म्हणाला की शेडमधलं शेल्फ जागेत येतंय, ते हलवावं लागेल. कुवाबारांना राग यायला हवा होता, पण आला तो आदर. या माणसाच्या जागी आपण असतो तर शाईच्या रंगावरूनही एक फेरी घालायला लावली असती, असं मनाशी म्हणत ते घरी आले आणि शेल्फ उतरवायला लागले.

त्या शेल्फवर गाडीचे मूळ भाग होते. एकोणीस वर्षांपूर्वी काढून, पुसून, चिठ्ठ्या लावून ठेवलेले. मूळ सायलेन्सर होता. मूळ स्प्रिंगा होत्या. मूळ सीटही होती, चादरीत गुंडाळलेली. पुढच्या ब्रेकच्या दोन लोखंडी चकत्या मात्र नव्हत्या. चिठ्ठी होती, चकत्या नाहीत.

चोरी झाली असावी असं वाटून कुवाबारा शेडचं कुलूप तपासायला लागले. तिथेच कोपऱ्यात फुकुयोबाई पिंपातून कोबी काढत होत्या. त्यांनी झाकणावरचं वजन बाजूला ठेवलं आणि ते जमिनीवर असं वाजलं की कुवाबारांनी मान वळवली. इतकी वर्षं रोज दोन वेळा ब्रेकखाली दाबलेला कोबी ते चवीने खात आले होते.

"सासूबाई, हे माझं आहे."

"शेडमध्ये पडलेलं होतं."

"पडलेलं नव्हतं. ठेवलेलं होतं. चिठ्ठी होती."

"चिठ्ठीवर कोबीला लावू नये असं लिहिलं नव्हतं," फुकुयोबाई म्हणाल्या. "न्या तुम्ही. पण तेवढ्याच वजनाचं दुसरं द्या. दगड चालायचा नाही, दगडाखाली कडेचा कोबी कच्चा राहतो. ह्याचा दाब कसा गोल बसतो."

मूळ चकत्यांवर मिठाने गंज धरला होता. त्या लेथवर घासून घ्याव्या लागल्या. त्यांच्या बदल्यात गाडीतून निघालेल्या शर्यतीच्या मोठ्या चकत्या पिंपावर गेल्या. कोबी दोन दिवस आधी तयार झाला. फुकुयोबाईंनी हे जेवताना जाहीर केलं, आणि आपल्या निवडीचं कौतुक झालेलं कुवाबारांनी गेल्या कित्येक वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.

चालकाशेजारची शर्यतीची सीट काढून त्यांनी तात्पुरती बैठकीच्या खोलीत ठेवली. गाडीतून सुटल्यावर तिला खाली लोखंड नसतं. सपाट जमिनीवर ती अशी बसते, जणू बुटक्या टेबलाशी मांडायची बिनपायांची खुर्चीच. फुकुयोबाई एकदा टेबलाशी जाताना तिच्यात टेकल्या. दोन्ही बाजूंनी कमरेला आधार मिळाला. डोकं मागे विसावलं. त्या अर्धा तास उठल्या नाहीत. मग उठल्या, दोन्ही हात कडांवर रोवून, एक पाय पुढे घेऊन, आणि पुन्हा बसल्या. शर्यतीचा, चार ठिकाणी अडकवायचा पट्टा लोंबत होता, त्याच्यात त्यांनी चष्मा आणि रिमोट अडकवला. दुसऱ्या दिवशी कुवाबारांनी सीट उचलायला हात घातला तर त्या म्हणाल्या, "कंबर दुखत नाहीये आज," आणि विषय संपला.

मार्चअखेर गाडी मूळ रूपात उभी राहिली. जमिनीपासून चांगली चौदा सेंटिमीटर. लाकडी ठोकळा तिच्याखालून असा गेला की कुठे शिवला नाही, तरी कुवाबारांनी तो दोनदा सरकवून पाहिला. सकाळी सहा-चाळीसला किल्ली फिरवली तेव्हा चालू झाली की नाही हे काट्याकडे पाहून ठरवावं लागलं. कार्यालयाच्या आवारात एका सहकाऱ्याने विचारलं, आज बायकोची गाडी आणलीत का. कुवाबारा हो म्हणाले. तीस वर्षांच्या नोकरीत ते इतकं साफ खोटं बोलले नव्हते.

आणि गल्ली शांत झाली होती, फार शांत. आपला एक सायलेन्सर बदलल्याने एवढा फरक पडावा, याचं त्यांना नवल वाटे, अपराधीही वाटे. आपण एकटेच एवढा आवाज करत होतो का?

विक्रेत्याशी सोमवारची वेळ ठरली. सही करायची आणि किल्ली देऊन यायचं.

त्याच्या आदल्या दिवशी गटारसफाई होती.

चौदा घरांतून एकेक माणूस रबरी बूट घालून, फावडं घेऊन उतरला. डबे घेतलेल्या पाच घरांपैकी तीन एकाच टप्प्यात आली: हागिवारा, सुनागाबाई आणि स्वतः नेगिशी. चौथे कुवाबारा. पहिलं पोतं भरलं. मग हागिवारा फावड्यावर हनुवटी टेकून म्हणाले, "कुवाबारासान, रागावणार नसाल तर विचारतो. तुमची सहा-चाळीसची कुठे गेली?"

"गाडी? आहे की तीच."

"मग वाजत का नाही? मी रक्तदाबाची गोळी तिच्यावर घेतो हो. ती सुरू झाली की पाणी ओतायचं, निघाली की गिळायची. आता कधी सात वाजतात, कधी राहूनच जाते. डॉक्टर ओरडले."

कुवाबारांनी फावडं खाली ठेवलं. "पण पाटीवर सूचना होती ना. सकाळच्या आवाजांची."

"ती माझ्यासाठी होती," हागिवारा म्हणाले. "साडेसहाच्या रेडिओच्या कवायतीसाठी. मी रेडिओ बंद केला. आता मनातल्या मनात आकडे म्हणतो. पाचवर पोचलो की चुकतो, पुन्हा एकपासून."

सुनागाबाई इतक्या हळू बोलल्या की गाळातून आवाज आल्यासारखा वाटला. "मला वाटलं, आमच्या कपडे धुण्याच्या मशीनबद्दल. पहाटे लावते ना मी. आता दुपारी लावते, कपडे वाळत नाहीत, नवरा दोन महिने ओलसर बनियन घालून कामाला जातोय. आणि त्यात कुवाबारासान डबा घेऊन आले. म्हटलं, बघा, किती सभ्यपणे सुचवताहेत."

"मी सुचवत नव्हतो. मी माफी मागत होतो."

"माफी मागूनच तर सुचवतात," सुनागाबाई म्हणाल्या.

पलीकडच्या टप्प्यातून एकाने मान वर करून सांगितलं की आपण कुत्रा बहिणीकडे पाठवलाय. सगळे हळूहळू नेगिशींकडे वळले. सूचना लावणारा माणूस तोच. ते पोत्याचं तोंड बांधण्यात गर्क होते. तेल त्यांनी घराच्या खिडक्यांवरच्या लोखंडी झडपांना लावलं होतं, कारण डबा मिळाल्यावर त्यांना वाटलं होतं की कुवाबारांचा रोख त्या झडपांच्या करकरीवर आहे. आणि त्यानेही करकर गेली नाही म्हणून पाच आठवडे ते सकाळी झडपा उघडतच नव्हते, अंधारात नाश्ता करत होते. हे त्यांनी कुणी न विचारता, एका दमात सांगितलं.

"पण मग ती सूचना होती कुणासाठी?" हागिवारांनी विचारलं.

"सर्वांसाठीच," असं म्हणून नेगिशी पोती मोजायला दुसऱ्या टोकाला गेले.

कुवाबारा घरी आले, बूट धुतले आणि चिझुएला सगळं सांगितलं. ती हसली नाही, हे वाईट लक्षण होतं.

"म्हणजे आता बदलायची नाही?"

"डबे वाटून झालेत. शब्द दिलाय. आणि आईंचं काय? त्यांच्यासाठीच तर आपण..."

"आधी आईला ती गाडी दाखवूया," चिझुए म्हणाली. "बसणार ती आहे."

तिघं निघाली. फुकुयोबाईंना बसवायला कुवाबारा नेहमीप्रमाणे आधी बाहेर आले, बाह्या वर केल्या, श्वास घेतला. तोवर त्या आत बसल्या होत्या. कडेवर हात, एक पाय आत, की झालं. सहा आठवडे दिवसातून दहा-बारा वेळा त्या याहूनही खालच्या सीटमधून उठल्या-बसल्या होत्या. ही आता उंच वाटत होती. विक्रेत्याच्या दाराशी त्या स्वतःच उतरल्या. धावायला कुणी दरवान नव्हता, याचं कुवाबारांना पहिल्यांदा दुःख झालं.

मग त्यांना नवी गाडी दाखवली. दार आपोआप सरकलं. फुकुयोबाईंनी पायरीकडे पाहिलं, वर पाहिलं.

"ह्याच्यात चढायचं?"

"पायरी आहे, आजी," विक्रेता म्हणाला. "हँडलसुद्धा आहे."

"चढणं मला कुणी शिकवलंय? मला खाली बसता येतं." त्यांनी हँडल एकदा हलवून पाहिलं आणि सोडलं. "सोमवारी माझं लोणचं आहे, मला इथे आणू नका."

चिझुए ते दार बटण दाबून उघडत होती, मिटत होती. तिने ते चारदा केलं. पिशव्या दोन्ही हातांत असताना आपोआप सरकणारं दार ही तिची एकटीची इच्छा होती, आणि इतके दिवस ती आईच्या गुडघ्यांच्या नावावर चालवत होती. हे तिच्या चेहऱ्यावर आलं, कुवाबारांनी पाहिलं, आणि तीस वर्षांच्या सरावाने न पाहिल्यासारखं केलं.

परतताना ती मागच्या सीटवरून पुढे झुकली. मग म्हणाली, "सही नका करू. पण ती शर्यतीची सीट आईची, खोलीतच राहील. गाडीत ती उसनी न्यायची, दवाखान्याच्या दिवशी. आणि भाजी आणायला तुम्ही यायचं, दर वेळी. दार तुम्ही उघडायचं."

"दर वेळी?"

"आवाज न करता."

दुसऱ्या आठवड्यात कुवाबारा पुन्हा पाच घरं फिरले. पाच डबे, थोडे लहान. या वेळी त्यांनी आयुष्यात प्रथमच विषयाचं नाव घेतलं: सोमवारपासून सकाळी सहा-चाळीसला माझी गाडी वाजेल, कृपया सांभाळून घ्या. हागिवारांनी तिथेच कपाळाला हात लावून सलाम केला. त्या सोमवारी साडेसहाला समोरच्या अंगणात रेडिओ लागला, शेजारी मशीन घरघरलं, नेगिशींच्या झडपा करकरल्या, आणि पाठोपाठ पुन्हा बसवलेला शर्यतीचा सायलेन्सर असा घुमला की कुवाबारांचे डोळे भरून आले. धूरही थोडा होता.

स्प्रिंगा मूळच्याच राहिल्या, कारण फुकुयोबाईंना आता ती उंची जमली होती. ब्रेकही मूळचेच राहिले. मोठ्या चकत्या पिंपावरून उचलू द्यायला त्या तयार नव्हत्या. सायलेन्सर शर्यतीचा, सीट महिन्यातून दोनदा बदलणारी. तपासणीच्या अर्जावर एक रकाना असतो: वाहनात बदल केले आहेत काय? कुवाबारा त्यापुढे बराच वेळ पेन धरून बसले आणि मनातल्या मनात म्हणाले की थोडं कठीण आहे.

फेब्रुवारीत नेगिशींनी गटारसफाईची सूचना टाइप केली तेव्हा कागदाचा खालचा अर्धा भाग कोरा राहत होता, म्हणून त्यांनी आधीच्या गटप्रमुखाने दिलेल्या फायलीत सगळ्यात वर असलेला नमुना तिथे उतरवला.